कप कुठल्या हातात होता?

ताई, मी मिरजेची. सांगलीत कॉलेजला आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात आमच्या सीनियर मुलांनी एक शॉर्ट फिल्म केली. बारा मिनिटांची, आजी आणि नातीची गोष्ट. शूट दोन दिवस हरिपूरला होतं, एका जुन्या वाड्यात आणि थोडं संगमावर. मला ‘असिस्टंट म्हणून ये’ एवढंच सांगितलं होतं. तिथं गेल्यावर हातात क्लॅपची पाटी दिली आणि म्हणाले, कंटिन्युइटीपण, म्हणजे सगळ्या शॉटमध्ये वस्तू-हालचाली सारख्या आहेत ना तेही, तूच बघ. पहिला दिवस उभं राहण्यातच गेला. लाइट लावत होते, मग ऊन गेलं, मग ट्रॅक्टर आला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आजींचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला शॉट, झाला. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की सकाळच्या शॉटमध्ये चहाचा कप डाव्या हातात होता आणि क्लोजमध्ये उजव्या. दिग्दर्शक दादा सगळ्यांसमोर ओरडले, ‘दोन दिवस काय बघत होतीस?’ ऊन उतरलं होतं, शॉट परत घेता आला नाही. मी वाड्याच्या मागं जाऊन रडले. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले, पप्पा कोपऱ्यावर उभे होते. मम्मी म्हणाली, आपलं काम नाही हे. कॅमेऱ्याचं भाडं दिलं, आजींचं काम करणाऱ्या बाईंना मानधन दिलं, आम्हा असिस्टंटना मात्र ‘शिकायला मिळतंय की’ म्हणाले. नाव ‘विशेष आभार’मध्ये टाकणार आहेत असं ऐकलं. आता डिसेंबरमध्ये त्यांचं पुढचं शूट आहे, मला बोलावलंय. जाऊ का? मला यातलं खरंच काही जमेल का? डिग्री सोडून एखादा कोर्स करावा असंही मध्येच वाटतं.
आणि एक सांगू? आजींनी तिसऱ्या टेकला बोलायच्या आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. आधीच्या दोन टेकला तसं केलं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की पुढच्या टेकला क्लॅप द्यायचाच राहिला. त्याबद्दलही बोलणी खाल्ली.
– क्लॅपवाली, मिरज

प्रिय क्लॅपवाली,

तुझं पत्र मोठं होतं, जागेसाठी थोडं आखडलं आहे. पदराच्या टोकाच्या ओळी मात्र जशाच्या तशा ठेवल्या, कारण उत्तराची सुरुवात मला तिथूनच करायची आहे.

मी संकलनाचं काम करते. एकाच शॉटचे चार-पाच टेक पुढेमागे करत बसायचं आणि त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवायचं, यात माझे दिवस जातात. अशा वेळी शूटवरून आलेल्या वहीत ‘टेक ३ – बोलण्याआधी पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडलं, फार छान’ असं कुणी लिहिलेलं सापडलं, तर माझा वेळ तर वाचतोच, कधीकधी अख्खा सीन वाचतो. बहुतेक वह्यांमध्ये असं काही नसतं. ‘ओके’, ‘एनजी’ (म्हणजे टेक नापास), ‘फोकस गेला’, ‘मागं हॉर्न’ एवढंच असतं. तेही लागतंच. पण हाताचा असा बदल त्या बाईंना स्वतःलाही कदाचित आठवणार नाही, आणि दिग्दर्शकाचं लक्ष त्या वेळी दहा गोष्टींत असतं. तुला तो दिसला, महिना झाला तरी लक्षात राहिला, आणि एवढी बोलणी खाऊनही तो मला सांगावासा वाटला. ‘मला जमेल का’ या प्रश्नाचं उत्तर मी त्यावरूनच देते. हो, जमेल.

आता कप. कप आणि पदर एकाच बाईच्या हातात होते. एक दिसला, दुसरा निसटला. याचं कारण तुझ्या बावळटपणात शोधू नकोस. जे मनाला भिडतं ते आपोआप लक्षात राहतं. कप कुठल्या हातात आहे हे कुणाच्या मनाला भिडत नाही, ते लिहून ठेवावं लागतं, आणि लिहून ठेवायची एक रीत आहे. ती तुला कुणी दाखवली नाही. ‘असिस्टंट म्हणून ये’ म्हणायचं, आल्यावर हातात पाटी द्यायची आणि वर ‘कंटिन्युइटीपण बघ’ म्हणायचं, याला काम सोपवणं म्हणत नाहीत. मोठ्या युनिटमध्ये ही दोन कामं दोन वेगळी माणसं करतात, त्याला कारण आहे. क्लॅप देणारा टेक सुरू होताना कॅमेऱ्यासमोर असतो आणि त्याला तिथून झटकन बाजूला व्हायचं असतं. कंटिन्युइटी बघणाऱ्याची नजर नेमकी त्याच क्षणी कलाकाराच्या हातांवर हवी असते. लहान युनिटमध्ये एकाच माणसाला दोन्ही करावं लागतं, करताही येतं, पण मग सकाळी त्याला शेजारी बसवून नीट सांगावं लागतं. तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आता सांगते.

फिल्म पडद्यावर ज्या क्रमानं दिसते त्या क्रमानं शूट होत नाही, सगळी अडचण इथून सुरू होते. तुझाच सीन घे. सकाळी मास्टर घेतला असणार, म्हणजे आजी, नात, ओसरी सगळं एका फ्रेममध्ये आणि सीन पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुपारी आजींचा क्लोज. पडद्यावर या दोन्हींत सेकंदाचंही अंतर नसणार, एकच वाक्य मास्टरमध्ये सुरू होऊन क्लोजमध्ये संपेल. मध्ये सगळ्यांची जेवणं झाली, आजी बाहेर जाऊन फोनवर बोलून आल्या, ऊन खांबावरून भिंतीवर सरकलं, यातलं काही प्रेक्षकाला कळता कामा नये. म्हणून मास्टरमध्ये कलाकारानं जे केलं, तेच पुढच्या सगळ्या शॉटना लागू. मास्टरचा टेक ओके झाला की कुणी जागचं हलायच्या आत फोटो काढायचे. एक पूर्ण फ्रेमचा, एक हातांचा, एक केस आणि पदराचा, एक समोर मांडलेल्या वस्तूंचा. ‘कट’ म्हटलं की सगळे एकदम सैल होतात. कलाकार पाणी मागतो, आर्टवाला कप उचलून धुवायला नेतो, लाइटवाले स्टँड हलवायला लागतात. तेव्हा ‘एक मिनिट, कंटिन्युइटी!’ असं मोठ्यानं म्हणायचं. नवीन पोरीनं सगळ्यांना थांबवायचं कसं, असं वाटेल. थांबवायचं. ते तुझं कामच आहे.

पण फोटोत हालचाल येत नाही. कप कधी उचलला, कधी ठेवला, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी स्क्रिप्टची स्वतःची प्रत हवी आणि पेन्सिल हवी. समज, वाक्य आहे ‘बस गं जरा माझ्यापाशी’. तर ‘बस’च्या डोक्यावर खूण करून समासात लिहायचं: कप डाव्या हातानं उचलला. ‘माझ्यापाशी’वर दुसरी खूण: न पिता खाली ठेवला. डावा-उजवा नेहमी कलाकाराचा लिहायचा, आपला नाही. आपण समोर उभे असतो, आपली उजवी बाजू ती त्यांची डावी. बरेच घोळ इथंच होतात. तुझा कपही बहुतेक याच घोळात उलटा झाला असावा. त्याशिवाय चष्मा नाकावर होता की कपाळावर, डोक्यावरचा पदर कानाच्या पुढं की मागं, बांगड्या किती, कपात चहा कुठवर होता. भिंतीवर चालू घड्याळ असेल तर आर्टवाल्याला सांगून त्याचा सेल काढून ठेवायचा, नाहीतर एकाच संभाषणात सकाळचे दहा आणि दुपारचे तीन वाजतात. देवासमोर उदबत्ती असेल तर प्रत्येक टेकला साधारण तेवढ्याच उंचीची लावायची. हे सगळं पहिल्या दिवशी डोक्यात राहत नाही, म्हणून आदल्या रात्री सीनप्रमाणे कोरी यादी करून ठेवायची आणि सेटवर फक्त भरायची.

चूक दिसली तर कलाकाराला परस्पर सांगायचं नाही. त्याचं चित्त भूमिकेत असतं, तिघांनी तीन सूचना केल्या की ते उडतं. दिग्दर्शकाच्या किंवा पहिल्या असिस्टंटच्या कानावर घालायचं, तेही टेकच्या आधी. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं तर वहीत लिहायचं: सांगितलं होतं, सोडून दिलं. असं लिहिण्यात चहाडी नाही. पुढं माझ्यासारखीला ते वाचून कळतं की हा फरक माहीत असून ठेवलेला आहे.

क्लॅपही हलक्यात घेऊ नकोस. पाटी दिसायला गमतीची असते म्हणून नवीन माणसाच्या हातात देतात, पण एडिटला बसल्यावर सगळ्यात आधी मी तिच्याकडेच बघते. चित्र कॅमेऱ्यात जातं, आवाज बहुतेक वेळा वेगळ्या रेकॉर्डरवर. सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम असतात. त्यातल्या ज्या फ्रेमला पाटीची फळी खाली टेकते ती मी शोधते. आवाजाच्या पट्टीवर त्याच फटक्याचा उभा सुळका उठलेला असतो. दोन्ही एकाखाली एक आणले की ओठ आणि शब्द जुळतात. हे आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण नदीकाठच्या वाऱ्यात ती चुकतात आणि मग पाटीशिवाय सोय नसते. म्हणून ‘सीन चार, शॉट दोन, टेक तीन’ स्पष्ट म्हणायचं, क्षणभर थांबून फटका द्यायचा, फळी मिटल्यावर पाटी जराशी तशीच धरायची. बोटं आकड्यांवर येऊ द्यायची नाहीत. क्लोज असेल तर अगदी हलका फटका. जी बाई डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीत बसली आहे, तिच्या तोंडासमोर खाडकन आवाज करू नये. आणि बाजूला व्हायची वाट आधीच ठरवून ठेवायची, कलाकाराच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही.

क्लॅप द्यायचा राहिला तर? ते सगळ्यांच्या हातून होतं आणि त्यावर सोपा उपाय आहे. टेक संपला की कॅमेरा बंद व्हायच्या आत ‘एंड क्लॅप’ असं सांगून पाटी उलटी धरायची आणि तेव्हा फटका द्यायचा. पाटी उलटी दिसली की मला कळतं, हा फटका संपलेल्या टेकचा आहे. तुला एवढं कुणी सांगून ठेवलं असतं तर त्या टेकची बोलणी टळली असती आणि पदर बघण्याचा आनंद तेवढा उरला असता.

हरिपूरच्या कपाचं आता काय होईल, तेही सांगते. एडिटवर त्याला बरेच उपाय आहेत. आजींचं वाक्य नातीच्या चेहऱ्यावर ऐकवता येतं, तेवढ्या वेळात कपानं हात बदलला असं बघणारा मानून घेतो. मास्टरमध्येच थोडं जास्त थांबता येतं. शूट मोठ्या रिझोल्यूशनमध्ये असेल तर क्लोजची फ्रेम आणखी आत ओढून कप बाहेर ठेवता येतो. आणि क्लोजमध्ये बाईंनी खरोखर जीव ओतला असेल, तर मी कप तसाच ठेवून तो शॉट लावते, कारण माणसं डोळ्यांकडे बघतात. कंटिन्युइटी बिनमहत्त्वाची आहे असा याचा अर्थ घेऊ नकोस. दर चार शॉटमागे एक चूक असेल तर गोष्ट खिळखिळी होतेच. पण तुझ्या पत्रात, मी सगळ्यांची मेहनत वाया घालवली, असा जो सूर आहे, तो तू सोडावास म्हणून हे सांगितलं. एका कपानं फिल्म वाया जात नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला हा: डिसेंबरचं उत्तर द्यायच्या आधी या फिल्मच्या एडिटला जाऊन बस. एक दिवस बस, पण शेजारी खुर्ची टाकून, आपली वही घेऊन बस. बारा मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट शूट झालं असेल तर दोन तासांचा माल असतो. त्यातला प्रत्येक तुकडा तुझ्या पाटीनं सुरू होतो. आपला कुठला क्लॅप ऐकू येतो, कुठला येत नाही, कुठं अंगठा टेक नंबरवर आला आहे, कुठली नोंद एडिटरच्या कामाला आली आणि कुठली नुसती शाई होती, हे तिथं एका दिवसात दिसेल. सेटवर ते कुणी सांगून कळणार नाही. एडिटर मुलं सहसा नाही म्हणत नाहीत. टेक शोधायला मदत करणारं माणूस त्यांना हवंच असतं.

आता ओरडण्याबद्दल. ऊन उतरत होतं, भाड्याचा कॅमेरा परत द्यायचा होता, शॉट गेला होता. अशा वेळी दिग्दर्शकाच्या पोटात केवढा गोळा येतो, ते मी जवळून पाहिलेलं आहे. तरी सगळ्यांसमोर एकीवर ओरडणं चूकच होतं. ‘सेटवर असंच असतं, सवय करून घे’ असं तुला बरेच जण सांगतील. मानू नकोस. जिथं असिस्टंट ओरड्याला घाबरतो, तिथं त्याला चूक दिसली तरी तो तोंड उघडत नाही, आणि चूक थेट पडद्यापर्यंत जाते. शिवाय त्या दुपारी मॉनिटरसमोर दिग्दर्शक होते, कॅमेऱ्यामागं कॅमेरामन होता, कप हातात देणारा होता, कप धरणाऱ्या बाई होत्या. त्यांच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. तुझा वाटा तू घे, सगळ्यांचा घेऊ नकोस.

हे दादांशी एकदा बोल. एकट्यात, सरळ शब्दांत. ‘दादा, कपाची नोंद माझ्याकडून राहिली. पण काम आधी समजावून सांगितलं असतं तर राहिली नसती, आणि सगळ्यांसमोर बोललात त्याचं मला फार वाईट वाटलं.’ बस एवढंच. ते काय बोलतात त्यावरून तुला पुढचं ठरवता येईल. ऐकून घेतलं, ‘हो गं, तेव्हा डोकं फिरलं होतं’ असं काही म्हणाले, तर तुम्ही दोघं एकत्र शिकत आहात असं समज आणि जा. हसण्यावारी नेलं, तर सांगली-मिरजेत फिल्म करणारी आणखी पोरं आहेत, कोल्हापूर तर जवळच आहे. यांच्याचकडं जायला हवं असं काही नाही.

उभं राहण्यात दिवस गेला म्हणतेस, त्यावर थोडंच. सेटवर थांबावं लागतंच, आणि डिसेंबरमध्ये जास्त थांबावं लागेल. तेव्हा कारखान्यांचे गळीत हंगाम चालू असतात, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, आणि ते लांब जाईपर्यंत साउंडवाला हात वर करून उभा असतो. त्या वेळात फोन बघू नकोस. लाइट कुठून का लावला, थर्माकोल कुठं धरला की आजींच्या डोळ्याखालची सावली गेली, हे बघ आणि नंतर चहाच्या वेळी विचार. लाइटदादा लोकांना कुणी आदरानं विचारलं तर ते भरभरून सांगतात. आणि लोकेशन सोडताना साउंडवाला अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून नुसत्या जागेचा आवाज घेतो ना, ती नोंद वहीत सगळ्यांत ठळक कर. दोन वाक्यांच्या मधली पोकळी बुजवायला मला तोच आवाज लागतो, आणि शोधायला गेलं की तोच सापडत नाही.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सगळेच विद्यार्थी, सगळ्यांनीच वर्गणी काढलेली, कुणालाच काही मिळत नाही, अशा फिल्मला फुकट काम करायला हरकत नाही. मित्रांच्या पहिल्या फिल्मला हात लावणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण भाड्याला पैसे आहेत, एका कलाकाराला मानधन आहे, आणि फक्त असिस्टंटला ‘शिकायला मिळतंय की’ असं असेल, तर निदान येण्याजाण्याचा खर्च, वेळेवर जेवण आणि कामासकट नाव, एवढं तुझ्या हक्काचं आहे. शेजारी बसवून तर तुला कुणी काही शिकवलंच नाही. ‘विशेष आभार’ वाडा देणाऱ्यांसाठी असतात, शूटसाठी पाण्याची मोटार बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्यासाठी असतात. दोन दिवस पाटी धरणाऱ्या मुलीचं नाव ‘क्लॅप व कंटिन्युइटी’ या कामापुढं यायला हवं. श्रेयनामावली पक्की व्हायच्या आत सांग, बदलायला काही लागत नाही. मेसेज असा टाक: ‘दादा, श्रेयनामावलीत माझं नाव क्लॅप व कंटिन्युइटी म्हणून घ्याल का? आणि फिल्म पूर्ण झाली की मला एक प्रत हवी आहे, कुठं टाकणार नाही.’ शेवटचं वाक्य मुद्दाम लिही. बरेच महोत्सव आधी इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत, त्यामुळे लिंक फुटण्याची दिग्दर्शकांना धास्ती असते. सेटवरचे फोटो स्टेटसला ठेवायच्या आधीही विचारत जा.

डिसेंबरच्या शूटसाठी होकार देण्याआधी काही गोष्टी लेखी मागून घे, व्हॉट्सअपवर चालेल. माझं काम काय, एक की दोन, स्क्रिप्ट कधी मिळेल, कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, किती, पॅकअप किती वाजता, आणि रात्री मला घरी कोण सोडणार. लोकेशनवर बाथरूम आहे का, हे विचारायला संकोचू नकोस. बारा-बारा तास थांबायचं तर ते विचारावंच लागतं, आणि पाणी न पिता दिवस काढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पुढच्या फिल्ममध्ये लहान मूल असेल तर त्याच्या वेळेची नोंदही तुझ्याच वहीत ठेव. नियमानं बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. तुझ्या पत्रात तसं काही नाही, तरी माहिती म्हणून सांगून ठेवते: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी काम करणाऱ्या, शिकाऊ मुलींनाही लागू आहे, आणि जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

मम्मीचं वाक्य तुला लागलेलं दिसतं. पण मला वाटतं, ‘आपलं काम नाही हे’ म्हणताना त्यांच्या मनात सिनेमा थोडाच होता, साडेअकरा जास्त होते. पप्पा कोपऱ्यावर उभे, मुलीचा फोन लागत नाही, मुलगी येते ती सुजलेल्या डोळ्यांनी. कुठली आई दुसरं काय म्हणेल? त्यांना वेळेचं उत्तर दे. पत्ता, सोबत असणाऱ्या मुलीचा नंबर, परत यायची वेळ, हे कागदावर लिहून फ्रिजवर लाव. उशीर होणार असेल तर आधी फोन कर, नंतर नको. जमलं तर पप्पांना एखाद्या दुपारी तासभर लोकेशनवर बोलाव. मुलगी ‘सायलेन्स’ म्हटल्यावर गप्प उभी राहते आणि मान खाली घालून लिहिते, हे त्यांनी एकदा बघितलं की घरातलं बोलणं निराळं होतं.

आणि ते ‘आपलं काम’ आहेच, हेही मम्मींना सांग. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं ते तुझ्या कॉलेजच्या गावात, सांगलीत. म्हणून तर तो दिवस रंगभूमी दिन. नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले ते हरिपुरात, जिथं तू दोन दिवस पाटी धरून उभी होतीस. शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी पुढं स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला, फिल्म कंपनी काढली, आणि त्या कंपनीत पडेल ते काम करत शिकलेला एक मुलगा म्हणजे व्ही. शांताराम. हे सगळे आपल्याच भागातले, आणि कामाला लागले ते हाताला मिळेल त्या कामापासून.

डिग्री सोडू नकोस. यात मी दुसरं मत ऐकूनही घेणार नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे, आणि तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या मोठ्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. पदवीशिवाय तो दरवाजा आपल्या हातानं बंद होतो. शिवाय बी.ए.ला तू जे काही वाचतेस ते वाया जात नाही. गोष्ट कळणाऱ्या माणसाला कंटिन्युइटी लवकर कळते. हजारोंची फी मागणारे चार दिवसांचे कोर्स सध्या गावोगावी निघाले आहेत. त्यातल्या एखाद्यात पैसे घालायच्या आधी आणखी दोन-तीन शूट कर, जमलं तर वेगवेगळ्या माणसांबरोबर, आणि एकदा साउंडवाल्याच्या हाताखाली. तुला नेमकं काय आवडतं हे त्यातून कळेल. पत्रावरून मला वाटतं, तुझा कल एडिटकडे असावा. पण माझं कामच ते असल्यानं माझं ऐकताना तेवढं जमेस धर.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की डिसेंबरच्या तारखा त्याच्याशी ताडून बघ, मगच होकार कळव. मध्ये पेपर येत असेल तर एकाच दिवसासाठी येते म्हणून सांग. अशा वेळी दुसऱ्या दिवशी वही कुणाच्या हातात द्यायची ते आधी ठरव, आणि जी कुणी येईल तिला सकाळी सगळं नीट समजावून दे.